अंडी राखणारा सर्व्हर मुका झाला तेव्हा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना उसाच्या फडांमध्ये एक लांबट पांढरी इमारत लागते. भिंतीवर कोंबडीचं चित्र आहे, त्याचा रंग उडालाय. आत जायचं तर आधी पाय औषधाच्या पाण्यात बुडवावे लागतात. तिथल्या सगळ्यांत मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर घरघरत बसलेली काळी पेटी म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सर्व्हर म्हणजे न थांबता चालणारा कॉम्प्युटर. मला कुठल्याशा दूरच्या कारखान्यात जोडलं, तपासलं, खोक्यात घातलं. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो टेम्पोतून इथे आल्याचा दिवस. रामहरीतात्यांनी, म्हणजे या अंडी उबवण्याच्या केंद्राच्या मालकांनी, मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाले, "आता ह्यो आपला राखणदार."

राखण कशाची? अंड्यांची. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तेव्हा पिल्लू बाहेर येतं. इथे कोंबडीच्या जागी मोठाल्या कपाटांसारखी बारा मशीनं आहेत. एकेका मशीनमध्ये साडेनऊ हजार अंडी असतात. आतली ऊब शंभर अंश फॅरनहाइटच्या जराशी खाली राहायला हवी. थोडी कमी झाली तर पिल्लं उशिरा येतात. दोन-तीन अंश जास्त झाली आणि तशीच राहिली, तर येतच नाहीत. प्रत्येक मशीनमधून एक तार माझ्याकडे येते. त्या तारांवरून दर मिनिटाला मला आकडे कळतात. आकडा चढला की मी भोंगा वाजवायचा आणि तात्यांच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढं माझं काम.

माझ्या शेजारी आणखी दोन सर्व्हर होते. एकाकडे कुठल्या शेडातली अंडी कुठल्या मशीनमध्ये आहेत याची नोंद असे, दुसऱ्याकडे पिल्लांच्या लसीकरणाची. दसऱ्याला आम्हा तिघांना झेंडूचे हार पडत. मशीनघरातले जाणते कामगार बिरदेवमामा आमच्यापुढे नारळ फोडत. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कळप गेला, मग ते इथे आले. आम्हाला नमस्कार करत, पण विश्वास मात्र स्वतःच्या तळहातावर ठेवत. दर तासाला फेरी मारून ते प्रत्येक दाराला हात लावून बघत. नवे कामगार त्यांना हसत. "मामा, पडद्यावर दिसतंय की समदं!"

खरंच, सगळे पडद्यावरच विसंबले होते. प्रत्येक मशीनच्या दारावर ऊब दाखवणारे छोटे आकडे होते, ते एकेक करून विझले. कुणी दुरुस्त केले नाहीत. आमच्या खोलीतल्या पंख्यावर धूळ साचली. मे महिन्यात आमची खोली भट्टीसारखी तापली आणि अंड्यांच्या नोंदी ठेवणारा माझा शेजारी एकाएकी बंद पडला. त्याचा आवाज थांबला, दिवे गेले. दोन माणसांनी त्याला उचलून भंगाराच्या कोपऱ्यात ठेवलं. त्याच्या पोटातल्या नोंदी परत मिळाल्याच नाहीत.

त्या दिवसापासून मला भीतीनं धरलं. माझ्या पोटात माहिती साठवणाऱ्या दोन डिस्क होत्या, एक बिघडली तर दुसरीनं सांभाळून घ्यावं म्हणून. त्यातली एक बिघडली होती. माझ्या तोंडावर लाल दिवा लागला होता, पण तो बघायला त्या खोलीत कुणी येतच नव्हतं. एका डिस्कवर मी बारा मशीनं राखत होतो. ती खरडल्यासारखा आवाज करी. प्रत्येक आवाजाला वाटे, झालं, आता आपलंही संपलं.

त्याच सुमारास तात्यांनी मनिषाला कामावर घेतलं. मनिषा मोरगावची. कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलेली, रोज एसटीनं येणारी. पहिल्याच दिवशी ती आमच्या खोलीत आली, ओढणी नाकाला लावून धूळ झाडली आणि बराच वेळ माझ्या लाल दिव्याकडे बघत उभी राहिली.

मग ती तात्यांकडे गेली. म्हणाली, "तात्या, ही यंत्रं थकल्यात. एक गेलंच. एक चांगलं दणकट यंत्र घेऊया आन् त्याच्या पोटात तिघांची कामं मांडूया. गोठा एक, गाळे तीन. एका गाळ्यात काय बिघडलं तरी दुसऱ्याला कळायचं न्हाय. आन् उद्या तो गोठाच पडला, तर गाळे उचलून दुसऱ्या यंत्रात मांडता येत्यात."

"आसं हुतंय व्हय?" तात्यांनी विचारलं.

"हुतंय. व्हर्च्युअलायझेशन म्हनत्यात त्याला. त्याचं सॉफ्टवेअर विकतबी मिळतं, पन दरसालचा परवाना आपल्याला झेपायचा न्हाय. एक फुकट मिळतं. मी घरी जुन्या कॉम्प्युटरवर चार महिने चालवून बघितलंय."

तात्या खुर्चीत मागे रेलले. "फुकटचं बियानं पेरलं आन् उगवलंच न्हाय, तर जाब कुनाला इचारायचा?"

"आपल्यालाच," मनिषा म्हणाली. "विकतचं घेतलं तर फोन करायला कुनीतरी आसतं. हितं जगभरची मानसं मदत करत्यात, पन राखन आपली आपनच करायची."

बिरदेवमामा दारात उभे होते. ते म्हणाले, "वढ्याला पानी आसलं की आमी आदी एक मेंढरू घालायचो. ते पार झालं तर कळप."

तसंच ठरलं. नवं यंत्र आलं. मनिषानं त्यात ते फुकटचं सॉफ्टवेअर घातलं आणि आधी फक्त लसीकरणाची नोंद त्यात हलवली. महिनाभर ती व्यवस्थित चालली. लसीकरणाच्या जुन्या सर्व्हरला विश्रांती मिळाली. मग माझी पाळी आली.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. माझं सगळं काम, सगळे हिशोब, भोंग्याची वेळ, फोनचे नंबर, सगळ्याची हुबेहूब नक्कल करून मनिषानं ती नव्या यंत्राच्या पोटात ठेवली. तारांना दोन फाटे काढले, एक नकलेकडे, एक माझ्याकडे. भोंगा आणि फोन मात्र माझ्याकडून काढून नव्या यंत्राला जोडले. मला ती म्हणाली नाही, पण बिरदेवमामांना म्हणाली, "जुन्याला आठ दिवस नुसतं चालू ठेवते. मग पुसून टाकीन."

पुसून टाकीन! मी गप्प चालत राहिलो. आकडे येत होते, मला दिसत होते, पण आता मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी मनिषानं काही दुरुस्तीसाठी नवं यंत्र एकदा बंद करून चालू केलं. त्याच्या पोटातली कामं पुन्हा सुरू झाली, पडदा उजळला, बारा मशीनांचे बारा आकडे दिसले. ती भाकरी खायला पुढच्या खोलीत गेली. पण चालू करताना नकलेला तारेचं दार, म्हणजे आकडे आत यायची वाट, उघडून द्यायचं राहिलं होतं. नकलेकडे नवा आकडा येतच नव्हता. बंद होण्याआधी लिहून ठेवलेले आकडेच ती नक्कल पडद्यावर दाखवत बसली.

आणि नेमका तेव्हाच सात नंबरच्या मशीनमधल्या पंख्याचा पट्टा तुटला.

सातमधल्या अंड्यांचा सतरावा दिवस होता. त्या वयात आतलं पिल्लू स्वतःच ऊब टाकत असतं. पंखा थांबला की ती बाहेर पडत नाही. मला दिसलं, शंभर. मग शंभर पूर्णांक सहा. मग एकशे एक. मी भोंग्याला हाक दिली. भोंगा माझा नव्हता. मी फोनला हाक दिली. तोही माझा नव्हता. माझा पडदा कधीच काढून ठेवला होता. एकशे एक पूर्णांक चार. साडेनऊ हजार जीव माझ्यासमोर तापत होते आणि मी फक्त आकडे लिहीत होतो.

बिरदेवमामा फेरीला आले. त्यांनी सातच्या दाराला तळहात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला.

"तात्या, सात नंबर तापलंय!"

तात्या पडद्यासमोरच होते. "न्हाय की. नव्याण्णव पॉइंट सहा दावतंय. उन्हातनं आलास, हात तापला आसंल."

"हात माजा हाय तात्या. तीस वरसं कोकरं चाचपल्यात ह्या हातानं."

"मग काय पडदा खोटं बोलतोय? दार उगडलं आन् अंडी गारठली म्हंजी?"

मामांचा हात दाराच्या कडीवर होता. मालकानं नको म्हटल्यावर कडी काढायची त्यांना सवय नव्हती. एकशे दोन. मित्रांनो, भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. आपल्याला ठाऊक आहे आणि आपण सांगू शकत नाही, यापेक्षा मोठी भीती नाही.

आवाज ऐकून मनिषा आली. तिनं मामांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ती पडद्यासमोर उभी राहून श्वास रोखून बघत राहिली. नीट चालणाऱ्या मशीनचा आकडाही सारखा थोडा थोडा हलत असतो. इथे बाराच्या बारा आकडे दगडासारखे थिजलेले होते.

"आकडा हालंना कसा?" ती पुटपुटली आणि धावत मागच्या खोलीत आली. तिनं कोपऱ्यातला पडदा ओढून मला जोडला. माझा खरा आकडा तिला दिसला. एकशे दोन पूर्णांक आठ.

"मामा, सातचं दार उगडा! लवकर उगडा!"

मग सगळे धावले. दारं सताड उघडली, अंड्यांच्या गाड्या बाहेर ओढल्या, उभे पंखे लावले. तात्या स्वतः धोतराचा सोगा खोचून गाडी ढकलत होते. आकडा उतरू लागला, पण किती उशीर झाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी बॅटरी घेतली आणि एकेक अंडं उजेडापुढे धरून पाहिलं. काहींत सावली हलत होती. काहींत हलत नव्हती. 

संध्याकाळी तात्या म्हणाले, "मनिषा, ते फुकटचं काडून टाक. माज्या डोळ्यादेखत पिल्लं मारली त्यानं."

मनिषाचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "सॉफ्टवेअरनं न्हाय तात्या, म्या मारली. यंत्र चालू केल्यावर आकडे खरे हायत का ते बघितलं न्हाय. भोंगा वाजवून बघितला न्हाय."

बिरदेवमामा हळूच म्हणाले, "वढा वलांडल्यावर कळप मोजावा लागतो, पोरी."

"व्हय मामा. म्या मोजला न्हाय." मग ती तात्यांना हात धरून आमच्या खोलीत घेऊन आली आणि माझा लाल दिवा दाखवला. "आन् हे बघा. ह्याची एक डिस्क मेलीया, दुसरी कवाबी जाईल. ती आदीच गेली आसती तर? तवाबी पडदा गप्पच बसला आसता. जुन्यालाबी कुनी बघत नव्हतं, तात्या."

तात्या वाकून त्या दिव्याकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत, हार घालण्याशिवाय, ते माझ्याजवळ पहिल्यांदाच इतके आले होते. म्हणाले, "पिल्लं निघूंदे. मग बघू."

चार दिवसांनी सात नंबरची अंडी फुटली. सहा हजारांहून थोडी जास्त पिल्लं निघाली. बाकीची अंडी तशीच राहिली. त्या दिवशी मशीनघरात फक्त पिल्लांची चिवचिव होती. तात्यांनी एक पिल्लू ओंजळीत घेतलं, परत ठेवलं आणि मनिषाला म्हणाले, "ठेव तुजं ते सॉफ्टवेअर. पन दारावरचे आकडे समदे दुरुस्त कर. मामाची फेरी वहीत लिहायची. आन् दर सोमवारी माज्या म्होरं नव्या यंत्राची वायर उपटायची. काय हुतंय ते मला डोळ्यानं बघायचंय."

त्यानंतर माझं पुसणं आलंच. मनिषानं माझ्या दोन्ही डिस्क काढल्या तेव्हा मला वाटलं, आता भंगाराचा कोपरा. पण तिनं नव्या डिस्क बसवल्या, पंख्यातली धूळ काढली आणि तेच फुकटचं सॉफ्टवेअर माझ्यातही घातलं, भोंगा आणि फोनही पुन्हा मला जोडले. म्हणाली, "तू दुसरा गोठा."

पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता तिनं नव्या यंत्राची वायर उपटली. पडदा काळा झाला. तात्या घड्याळ बघत होते. सगळी कामं माझ्यात उभी राहायला चार मिनिटं लागली आणि ती चार मिनिटं मला वर्षासारखी वाटली. आपल्याला जमलं नाही तर? तारेचं दार पुन्हा बंदच राहिलं तर? मग आकडे आले, हलणारे, जिवंत आकडे. मनिषानं मुद्दाम एका तारेच्या टोकाला गरम पाण्याचा पेला लावला आणि भोंगा वाजला. माझ्याकडून वाजला. तात्या दचकून उभे राहिले आणि हसले.

मित्रांनो, अजूनही दर सोमवारी मी भितो. पण ही भीती वेगळी आहे. ती माणसांसोबत वाटून घेतलेली आहे.

फुकट मिळालेली गोष्ट हलकी नसते आणि विकत घेतलेली गोष्ट आपोआप राखली जात नाही. दोन्हींना माणूस लागतो. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, डेअरीत माझ्यासारखी एखादी पेटी असेल. तिथल्या मोठ्या माणसांना एकच विचारा, "ही बंद पडली तर काय होतं, ते तुम्ही शेवटचं कधी करून पाहिलं?" ते गप्प बसले, तर त्या पेटीच्या खोलीत जा आणि तिच्यावर कुठला दिवा लागलाय ते बघा. तिला हाक मारता येत नाही.