सारजाबाईचे हात

हेमचंद्र अजिंठ्याला जपानी पाहुण्यांना लेणी दाखवायचा. एका हिवाळ्यात मियोको नावाची चित्रकार आली. समुद्रातला कचरा, तोडलेली जंगलं, लढाईत मेलेली लेकरं यांवर ती पोस्टरं करायची. लेणी बघून झाल्यावर तिने विचारलं, "इथलं पाणी कसं आहे?" हेमचंद्र तिला चितेगावपलीकडच्या वस्तीवर घेऊन गेला. कारखाना आल्यापासून तिथल्या, म्हशी पाळून दूध विकणाऱ्या सारजाबाईच्या विहिरीला तांबूस पाणी लागलं होतं.

सारजाबाईने ओंजळ भरून पुढं धरली. मियोकोने फोटो काढला.

"कुठं लावणार हे?" सारजाबाईने विचारलं.

"तिकडं, जपानात," हेमचंद्र सहज बोलून गेला.

पोस्टरवर नुसते दोन हात होते. ओंजळीत तांबडं पाणी आणि मनगटावर गोंदलेलं 'सारजा'. जपानात त्याचं नाव झालं. मग ते इथल्याच प्रदर्शनात लागलं आणि पेपरात गावाच्या नावासकट छापून आलं. सारजाबाईचं दूध शहरात कुणी घेईना.

हेमचंद्र वस्तीवर धावला. बाई दारातच उभी राहिली.

"म्हशी बोअरचं पाणी पितात, सांगून जीभ झिजली माझी."

"मावशी, चुकलं. पोस्टर काढायला लावतो."

"काढून काय व्हतंय? पाणी नासलंय हे काय खोटं हाय? पण माझं नाव आलं, गावाचं आलं. कारखान्याचं कुठंय?"

 हेमचंद्रने मियोकोला सगळं कळवलं. तिने माफी मागितली आणि हातांखाली कारखान्याचं नाव घातलेलं नवं पोस्टर पाठवलं. प्रदर्शनवाले मात्र बिथरले. त्यांचा खर्च त्याच कारखान्याने उचलला होता. त्यांनी जुनंही पोस्टर उतरवलं.

मग हेमचंद्रने स्वतःच ते नवं पोस्टर छापून आणलं आणि भरदुपारी पैठण रोडच्या थांब्यावर डकवलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी फाडून टाकलं. कारखान्याच्या वकिलाची नोटीस घरी आली. टूरवाल्यांनी पाहुणे पाठवणं बंद केलं. पाण्याचे नमुने नेणारे सरकारी साहेब एकदा येऊन गेले. त्यांचा अहवाल काही आला नाही. सारजाबाईने एक म्हैस गंगापूरच्या बाजारात विकली.

तरी हेमचंद्र उरलेली पोस्टरं घेऊन पुन्हा थांब्यावर आला. त्याचा बेत कळल्यावर सारजाबाई आधीच खळ शिजवून तिथं आली होती.

"भ्या वाटतंय का रं?"

"लई वाटतंय, मावशी."

"मलाबी," ती म्हणाली आणि भिंतीला खळ फासू लागली.