पाण्यात घातलेले देव

शाळेच्या बसचे आरसे पुसता पुसता नवरा डेपोतच कोसळला. डोक्यातली शीर फुटली होती. त्याच दिवशी सासूबाईंनी गावाकडून फोनवर हुकूम सोडला, "देव पाण्यात घाल. माझा बाळू शुद्धीवर आला की मगच बाहेर काढायचे. तोवर हात लावायचा नाही."

हा बाळू पन्नाशीला आलेला, केसांना कलप लावणारा. पण आईपुढे बाळूच.

आमचे देव म्हणजे पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि अंगठ्याएवढा गणपती. मिक्सरच्या वरच्या कपाटात त्यांचं बिऱ्हाड. या परक्या देशात आलो त्या पहिल्याच आठवड्यात ह्याने उदबत्ती पेटवली, धुराचा भोंगा वाजला आणि अख्खी इमारत जिन्याने खाली उतरली. त्या गर्दीत हा टॉवेल गुंडाळून, हातात घंटी घेऊन उभा. मग देवांपुढे सेलवरचा दिवा आला.

"सेल संपले की तुझे देव अंधारात," मी म्हणायचे.

"त्यांना अंधारातही दिसतं," हा म्हणायचा, आणि चहाचं पार पाणी होईपर्यंत पूजा चालायची.

मी काही नास्तिक नव्हते. देवाशी माझं भांडण नव्हतं, फक्त जाणं-येणं नव्हतं. तरी सासूबाईंचा शब्द म्हणून पोळ्यांचा स्टीलचा डबा घेतला, पाणी भरलं आणि तिघांना आत ठेवलं. बाळकृष्णाचा लोण्याचा हात तेवढा वर राहिला, म्हणून आणखी एक तांब्या ओतला. आमच्या सासूबाईंना अर्धवट काम चालत नाही.

रोज सकाळी पाणी बदलून मी कामावर जायचे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी आहे. ओली चादर यंत्राच्या तोंडात द्यायची, पलीकडून ती कडक होऊन येते, मग दोघींनी चार टोकं धरून घडी घालायची. माझी जोडीदारीण तिसऱ्याच देशाची. दोघींची मिळून इथली भाषा एका माणसापुरतीसुद्धा होत नाही. तिने "नवरा?" एवढं विचारलं, मी मान हलवली, तिला कळलं. तेव्हापासून घडी घालताना आम्ही समोरासमोर आलो की ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. म्हणजे तिचाही देव कामाला लागला होता. गुण कुणाचाच येत नव्हता.

काम सुटलं की दवाखाना. तोंडात नळी, छाती यंत्राच्या मर्जीने वर-खाली. मी आपली बोलत राहायचे. गळका नळ दुरुस्त झाला, तुझी कुंडीतली मिरची वाळली, डेपोतले लोक येऊन गेले. हाताला चिमटासुद्धा काढून पाहिला. ज्याच्यापायी माझे इतके चहा गार झाले त्या देवाचा मला मनापासून राग यायचा.

मग एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसवलं. त्या हळू आणि सोपं बोलत होत्या, म्हणून जास्तच नीट कळलं. मेंदूत आता काही उरलेलं नाही. श्वास यंत्राचा आहे, त्यांचा नाही. यंत्र काढायला तुमचा होकार हवा.

"थोडी वाट पाहिली तर?"

"वाट पाहण्यासारखं काही असतं, तर मी तुम्हाला विचारलंच नसतं," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच दिरांना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. आईला आम्ही एवढंच सांगितलंय की दादा अजून झोपेत आहे. पुढचं तुम्हीच सांगा. माझी जीभ रेटत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बदलायला डबा उघडला आणि तशीच उभी राहिले. देव पाण्यात कसे घालायचे ते सगळ्यांना ठाऊक असतं. काम झालं नाही तर त्यांना बाहेर कधी काढायचं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. आणि ते पाण्यात असेपर्यंत मला दवाखान्यात 'हो' म्हणवत नव्हतं. तळाशी तिघेही आमच्यासाठी अडकून पडलेले, आणि तिकडे तो माझ्यासाठी अडकून पडलेला.

"झालं. या बाहेर," मी म्हणाले. "जमणार नव्हतं तर आधी सांगायचं होतंत."

रडू आलं ते तेव्हा. इतके दिवस आलं नव्हतं. गणपती पुसला, अन्नपूर्णा पुसली, बाळकृष्णाच्या गुडघ्यामागचं पाणी फडक्याच्या टोकाने टिपलं, हा पूजेत टिपायचा तसं. तिघांना कपाटात बसवलं आणि सवयीने दिव्याची कळ दाबली. दिवा लागला.

दवाखान्यात जायच्या आधी सासूबाईंना सांगायचं होतं. त्यांच्या माघारी 'हो' म्हणायला मन धजेना. ओट्याशीच, उघड्या कपाटाकडे पाठ करून व्हिडिओ कॉल लावला. कसं बोलायचं ते मनात चार वेळा घोकलं होतं. त्या पडद्यावर आल्या, चष्मा सारखा केला, डोळे बारीक करून माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागल्या.

"अगं, देव जागेवर बसलेत!"

"आई, ऐका..."

"देव बाहेर आले!" त्या आत तोंड करून ओरडल्या. "अरे ए, बाळू शुद्धीवर आला! साखर आण, साखर! देवापुढे ठेव आधी!" मग फोन पार तोंडाजवळ धरून त्या हसत-रडत म्हणाल्या, "मला माहीतच होतं. तू मनापासून केलंस ना, म्हणून झालं हो सूनबाई. काही खाल्लं का त्याने?"

त्यांच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात दीर वाटी घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आई," मी म्हणाले, "साखर ठेवू नका."