सिंधूच्या चित्रातली सुकडी

लातूरचा जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलं, तरी पाण्याचा टँकर काही जिल्ह्याचा मान राखून वेळेवर येत नव्हता. कलेक्टर आला, पाट्या बदलल्या आणि आता हॉलात चित्रांचं प्रदर्शनही भरलं. "प्यायला पाणी न्हाई अन् हे रंग कालवून राहिले," असं रत्नम्मा चाकूरला एसटीत बसल्यापासून बोलत आली होती. पण आली होती. एक तर चित्रं सिंधूची होती. सिंधू म्हणजे धर्माबादची, माहेरच्या गल्लीतली, परकर नेसायच्या वयापासूनची मैत्रीण. दुसरं, औशाच्या उमादेवी त्याच हॉलात येणार होत्या.

उमादेवींना मुलासाठी शिवकांताला बघायचं होतं. घरी येऊन बघितलं आणि नकार दिला तर पोरीच्या नावाला डाग लागतो. म्हणून शहाणी माणसं देवळात नाही तर लग्नात सहज गाठ पडल्यासारखं करतात. रत्नम्मानं चित्रांचं निमित्त शोधलं होतं.

"विचारलं तेवढंच बोल," तिनं दारातच लेकीला बजावलं.

"मी कुठं बोलते, अव्वा?" शिवकांता म्हणाली.

ते खरं होतं. पोरगी अबोल. रत्नम्मा चारचौघांत ते गुण म्हणून सांगायची.

लग्नघरांच्या भिंती रंगवणारी सिंधू आता कागदावर चितारायला लागली होती. मैत्रिणीला बघून ती धावत आली, पण रत्नम्माचे पाय तिसऱ्या चित्रापाशीच रुतले होते.

चित्रात खडीचा ढीग होता. दुष्काळी कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीभोवती बाया दाटल्या होत्या. आणि सगळ्यांपासून बाजूला, ढिगाच्या टोकाला एक बाई पाठ वळवून बसलेली, पदर पार खाली ओढलेला. तिनं गळ्यातलं इष्टलिंग काढून पूजेला डाव्या तळहातावर घेतलं होतं. शेजारी फ्रॉकातली पोर, ओंजळीत सुकडी धरून. खात नव्हती. आईची पूजा व्हायची वाट बघत होती.

रत्नम्मानं स्वतःला ओळखलं. बहात्तरच्या दुष्काळात दुकानाला कुलूप लागलं, नवरा बसलिंगप्पा अंथरुणाला खिळला, तेव्हा ती पोरीला घेऊन माहेरी जाते म्हणून निघाली आणि सिंधूच्या सासरच्या शिवारात खडी फोडायला बसली. सिंधू सोडली तर ओळखीचं कुणी नव्हतं. चाकूरला परतल्यावर तिनं सांगितलं, माहेरी पायलीनं ज्वारी वाटली. लोकांना ते पटलं. नाक असं वर करून सांगितलेलं कुणाला पटत नाही?

"काढ ते खाली," ती दातांआडून म्हणाली.

"अगं, तोंड कुठं काढलंय तुझं? नुसता पदर हाय."

"तोंडाचं काय घेऊन बसलीस, येडे! खडीवर लिंग काढून बसणारी दुसरी कोण होती तिथं?"

"कुणीच नव्हती," सिंधू हळू म्हणाली. "समदे सुकडीवर तुटून पडलेले अन् तू डोळे मिटून बसलेली. माझ्या डोळ्यांपुढनं ते हलंना, रत्ना. म्हणून काढलं."

"मला इचारायचं होतंस."

"तू हाव म्हणली असतीस?"

रत्नम्मा उत्तर देणार, तोच मागून आवाज आला.

"हाताला घाम यायचा," शिवकांता म्हणाली. ती चित्राच्या अगदी जवळ उभी होती. "सुकडी चिकटायची. अन् तू म्हणायचीस, देवाच्या आधी खायचं न्हाई."

"सपनात बघितलं असशील," रत्नम्मा म्हणाली. सवयीनं म्हणाली.

असंच ती तेव्हा म्हणाली होती. चाकूरला पाहुण्यांनी भरलेल्या सोप्यात एवढीशी पोर म्हणाली होती, अव्वा, ती गोड सुकडी आण की. रत्नम्मानं हसून सांगितलं, आमच्या घरात कुठली सुकडी, सपनात खाल्ली हिनं. सगळे हसले. मग ते घराचं चिडवणंच झालं. पोरगी काहीही सांगायला लागली की कुणी तरी विचारायचं, हे पण सपनात का गं? होता होता पोरगी सांगायचीच थांबली.

शिवकांतानं वळून आईकडं बघितलं. रत्नम्माकडं उभ्या आयुष्यात कुणी असं बघितलं नव्हतं, सासूनंसुद्धा नाही.

तेवढ्यात उमादेवी आल्या. इरकल, कपाळाला विभूती, हातात पंखा. दोन-चार चित्रं बघून त्या खडीच्या चित्रापाशी थांबल्या.

"आता बघा हे," त्या म्हणाल्या. "लिंग असं रस्त्यावर, माती-मुरुमात! आपल्यातली बाई अशी? कुणाच्या घरची म्हणायची ही?"

सिंधूनं मान खाली घातली. शिवकांता आईकडंच बघत होती. डोळ्यात पाणी नव्हतं.

रत्नम्माच्या जिभेवर वाक्य तयार होतं. असेल कुणी तरी, अक्का, चला पुढं. एवढं म्हटलं की काम झालं असतं.

"माझ्या घरची," ती म्हणाली. "ही मी. ही माझी पोर. सुकडी खाऊन जगलो आम्ही. मुरुमात बसले, पण देवाला सोडलं न्हाई, अक्का. पंख्यानं वारा घेत पूजा कुणीबी करतंय."

शेवटचं वाक्य नको होतं. पण जीभच ती.

उमादेवींचा पंखा थांबला. "भाची वाट बघत असंल," असं काहीतरी पुटपुटून त्या निघून गेल्या. शिवकांताला त्यांनी नाव-गावसुद्धा विचारलं नाही.

"गेलं स्थळ," रत्नम्मा म्हणाली. मग लेकीकडं वळून, "झालं आता समाधान?"

"त्यांना सांगितलंस," शिवकांता म्हणाली. "मला कवा सांगणार हुतीस?"

"तुझ्यासाठीच लपवलं, पोरी."

"माझ्यासाठी? मला येडी ठरवून?"

रत्नम्मानं तिचा हात धरायला बघितलं.

शिवकांता सिंधूकडं गेली. "मावशी, मी तिथं झोपायची कुठं? अन् पायाला लागलं होतं का कवा? इथं वण हाय माझ्या."

सिंधूनं रत्नम्माकडं बघितलं. "तुझ्या अव्वाला इचार, बाळा. तिला जास्त ठाऊक हाय."

"तिला नको. तुम्ही सांगा."

सिंधू तरी घुटमळली. रत्नम्मानं भिंतीला पाठ लावली आणि खाली फरशीवर बसली.

"सांग तिला," ती म्हणाली. "समदं सांग."

सिंधू सांगायला लागली. मध्येच ती चुकली, म्हणाली, खडीनं कापलं होतं. खरं तर पायाला घणाचा फुटका दांडा लागला होता. रत्नम्माच्या ओठापर्यंत आलं. तिनं ते गिळलं आणि लेकीची पाठ बघत ऐकत राहिली.