मेडिकलची राखीव जागा

नेउसानं नवऱ्याला ढकलत नेऊन पहिल्या रांगेत, समितीच्या दारासमोर बसवलं.

"इथंच बस. दिसायला हवास."

"मला काय विचारणारेत?"

"काही नाही. बसायचं फक्त. तुझा रंग बोलेल."

वाल्दीर हसला. साल्वादोर शहराच्या उन्हात टॅक्सी चालवून तो आणखीच काळा पडला होता. मुलगी मायारा आईवर गेलेली, गव्हाळ. तिला जन्मभर उन्हातून ओढून आत नेणाऱ्या नेउसानं यंदा रोज समुद्रावर पाठवलं होतं आणि तिच्या कुरळ्या केसांची इस्त्री बंद केली होती. काळ्यांसाठीची मेडिकलची राखीव जागा, समितीला हा चेहरा काळा वाटतो की नाही, यावरच अडली होती.

दारावरची बाई म्हणाली, "आईबापांनी बाहेरच थांबायचं. आत फक्त मुलीचा चेहरा बघतात, खानदान नाही."

"म्हणजे हा उगाच आला?" नेउसा पुटपुटली.

तेवढ्यात दोना ग्रासा आल्या. मायाराच्या वर्गातल्या काइओची आई. काइओही यंदा बराच सावळा झाला होता.

"अय्या, नेउसा, तूसुद्धा? आणि ड्रायव्हरलाही आत घेऊन आलीस होय? बाहेर ऊन आहे खरं."

शाळेच्या फाटकाशी वाल्दीर रोज मायाराला सोडायचा. पोरं त्याला ड्रायव्हर समजत आणि मायारानं ते कधी खोडून काढलं नव्हतं. आताही ती बुटाकडे बघत राहिली. नेउसानं पर्स उघडली, काही न काढता मिटली.

"हो, मॅडम," वाल्दीर उठत म्हणाला. "गाडी सावलीत लावतो."

मायाराचं नाव पुकारलं. आत पाच माणसं आणि एक कॅमेरा. ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं.

"मी मिश्रवर्णी आहे, काळ्या लोकांपैकी आहे, असं जाहीर करते."

"जरा मोठ्यानं, बाळ."

तिनं मोठ्यानं म्हटलं. दाराबाहेरही ऐकू गेलं असावं. पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मधली बाई म्हणाली, "मान्य."

नेउसानं तिला मिठी मारली, रडली, पायऱ्या उतरताना तीन जणींना फोन केले. खाली वाल्दीर टॅक्सीपाशी उभा होता. मायारा नेहमी त्याच्या शेजारी बसायची, म्हणून पुढची सीट झटकून ठेवली होती. तिचा चेहरा बघून त्याला निकाल कळला. तो हात पसरून दोन पावलं पुढं आला. मग मागच्या पायरीवर त्याला दोना ग्रासा दिसल्या.

त्यानं हात खाली घेतले आणि मागचं दार उघडून धरलं.

मायारा मागं बसली.