सोमनाथचा निळा सदरा

मित्रांनो, मी एक जुना धनगरी ढोल आहे आणि सध्या फार रागात आहे. आपली कहाणी सांगताना रागावू नये म्हणतात. पण आधी ऐका तर खरं.

महाळुंगे पडवळजवळच्या एका वाडीत मी घडलो. खोड आंब्याचं, कातडं बोकडाचं. बिरोबाच्या जत्रेत सोमनाथ मला असा घुमवायचा की म्हातारी माणसंही ताल धरायची. माझ्या दोरीने त्याचा निळा सदरा खांद्यावर विरला, तेव्हा त्याच्या आईने, गजराबाईने, तिथे लाल ठिगळ लावलं. मग सोमनाथ सैन्यात गेला आणि अतिरेक्यांच्या हल्ल्यात मारला गेला. गजराबाईने त्याच सदऱ्यात मला गुंडाळून माळ्यावर ठेवलं. चार दिवस पुढाऱ्यांनी फोटो काढले. नंतर तिच्या दारात कुत्रंही फिरकलं नाही.

परवा त्या अतिरेक्यांच्या टोळीचा म्होरक्या ठार झाल्याची बातमी आली. "मेला? लई बरं झालं," गजराबाई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी गावचा पुढारी दादाभाऊ आला. निवडणूक तोंडावर आलेली.

"मावशी, चौकात जल्लोष हाय. ढोल द्या. पुतळा तुमच्याच हातनं पेटवायचा."

"मेल्याचा कसला रं जल्लोष?"

"आसं कसं? वीरमाता तुमी!" म्हणत तो माळ्यावर चढलासुद्धा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!

चौकात म्होरक्याचा गवताचा पुतळा उघडाच होता. दादाभाऊने माझ्यावरचा सदरा ओढला. "हे फाटकं घाला त्याला." मी ओरडलो असतो, पण मारल्याशिवाय ढोलाला आवाज नसतो. ते मला बडवत होते, मी "नको, नको" म्हणत होतो, आणि त्यावर पोरं नाचत होती. पुतळ्याला चपलांची माळ घातली, जोडे हाणले, पेट्रोल शिंपडलं.

मग गजराबाईला हाताला धरून आणलं आणि तिच्या हाती टेंभा दिला. ती पुढे झाली. उजेडात तिला खांद्यावरचं लाल ठिगळ दिसलं.

तिने टेंभा गटारात फेकला. चपलांची माळ काढली. लहान लेकराचा काढावा तसा एकेक गुंडी सोडून सदरा काढला.

"मावशी, मोबाइलवर लाइव्ह चाललंय!" दादाभाऊ खेकसला. "अतिरेक्याचा पुळका आला का काय?"

"त्यो मेला ते बरंच झालं. पन जोडं कुनाला हाणलं ते बघितलं का, मुडद्या? माझ्या सोमाचा सदरा हाय ह्यो!"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीनं पार बेरंग केला राव." आणि डीजे सुरू झाला.

आता मी पुन्हा माळ्यावर आहे. गजराबाईने सदरा धुतला, परत धुतला, तरी पेट्रोलचा वास जात नाही. मित्रांनो, दुष्ट मेला तर सुटकेचा श्वास जरूर टाका. पण ज्या शहिदाच्या नावाने नाचता, आधी त्याच्या आईजवळ घटकाभर बसा. आणि कुणाच्या घरातली जुनी वस्तू उचललीत, तर ती कशात गुंडाळली आहे तेही बघा.