बायकांना न कळणाऱ्या शिट्ट्या

मेक्सिकोतल्या आमच्या डोंगरात पुरुष शिट्टीत बोलतात. माजातेक बोलीचे चढउतार ओठांतून सोडले की दरीपलीकडे अख्खं वाक्य पोचतं. बायका शिट्टी मारत नाहीत. कळतं मात्र सगळं.

मी खालच्या गावची. तिथली माजातेक वेगळी, शिट्टीही वेगळी. लग्न झाल्यावर नवरा निकानोर चिडवायचा, "बोल गं, खालची पोपटीण!" इथली शिट्टीही मला कळू लागलीय, हे अकरा वर्षांत मी त्याला सांगितलं नाही.

आज सकाळी त्यानं कागदावर माझा अंगठा घेतला. "पोरीच्या शाळेचा आहे."

दुपारी तोमासासोबत कॉफी तोडत होते. तोमासा माझ्या मुलीची धर्ममाय. समोरच्या उतारावरून दीर फिदेन्सियोची शिट्टी:

— अंगठा दिला वहिनीनं?

निकानोरची:

— दिला. तिला आईकडून मिळालेला मळा गेला समज. घेणारा संध्याकाळी येतोय.

— कागद?

— घरी, पिशवीत.

— तिला कळलं तर?

— तिला कुठे आपली शिट्टी कळते!

तोमासाची बोटं भराभर चालू होती. मान वर नाही.

"ऐकलंस?"

"बाप्यांचं बोलणं ते. आपण कशाला कान द्यायचे?"

"कधीपासून चाललंय?"

"मक्याच्या पेरणीपासून. अख्ख्या डोंगराला ठाऊक आहे, बये. मला वाटलं, तुला खरंच कळत नाही."

"मग तोंडानं सांगायचंस!"

तिनं पुढची फांदी ओढली.

मी टोपली तिथेच टाकली. घरी जाऊन पिशवीतला कागद काढला आणि भावाच्या गावाची वाट धरली.

— घरातून निघाली.

— केळींच्या वळणावर आहे.

— झऱ्यापाशी.

शेताशेतांतून पुरुषांच्या शिट्ट्या. यातल्या अर्ध्यांच्या बायकांना मी बाळंतपणात हात दिलाय.

— पुलाकडे वळली.

ही तोमासाच्या नवऱ्याची. पुलावर फिदेन्सियो उभाच होता, काठी आडवी धरून.

"वहिनी, उगाच तमाशा नको."

मी पूल सोडला. कागद दातांत धरून नदीत उतरले. पाणी कमरेला लागलं, तेव्हा वरून निकानोरची शिट्टी आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, माझ्यासाठी.

— परत ये.

नीट कळलं. मी पुढचा पाय टाकला.