गाठ सुटलेलं जॅकेट

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं. घर इतकं शांत होतं, की तो एवढासा आवाजही मला दचकवून गेला. टक्. प्लास्टिकचं बकल लागल्याचा. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले. भिंगरी एक तुटका पट्टा घेऊन फरशीवर बसली होती. पाच वर्षांची आहे, एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. पट्ट्याला गाठ मारत होती, सोडत होती.

"आई, मला गाठ सोडता येते आता. घट्टवालीसुद्धा."

"शहाणी गं माझी बाय."

"दोरीवरच्या जॅकेटची पण सोडली. बाबा न्यायच्या आधी."

मी तिच्या हातातला पट्टा काढून घेतला.

माझा नवरा सहलीला येणाऱ्यांना बोटीतून फिरवून आणतो. त्या बोटीची लाइफ जॅकेटं दर आठवड्याला माझ्याकडे धुवायला येतात. आधी गोड्या पाण्यात बुडवून खार काढायचा, मग भांड्याच्या साबणाचे चार थेंब आणि मऊ ब्रश. मशीनमध्ये घालायचं नाही, पिळायचं नाही, उन्हात तर अजिबात नाही. मागच्या व्हरांड्यात सावलीला दोन दिवस टांगायचं. शिट्ट्या फुंकून आतलं पाणी काढायचं, तेही बाळ जागं असेल तेव्हाच. आणि वाळलं की प्रत्येकाचा फोम अंगठ्याने दाबून बघायचा. दाबलेला खड्डा लगेच भरून आला तर ठीक. तसाच राहिला तर ते जॅकेट माणसाला तरंगत धरणार नाही. मग त्याच्या पट्ट्याला मी गाठ मारते. गाठ दिसली की नवऱ्याने ते मागे ठेवायचं. पूर्वी मी पेनाने फुली मारायचे, पण बोटीचे मालक म्हणाले, फुली बघून गिऱ्हाईक बिचकतं.

काल एकालाच गाठ मारली होती. लहान मुलांच्या मापाचं. सकाळी रिकामी दोरी बघून मला वाटलं, ठेवलं असेल त्याने कपाटात. कपाट उघडलं. नव्हतं.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. तरी अजून तीनदा लावला. मग झोपलेल्या बाळाला तसंच खांद्यावर टाकलं, भिंगरीच्या पायात चपला अडकवल्या. उलट्या. तशीच निघाले.

"आई, हळू चाल ना."

"तू पळ."

"मी चुकले का?"

"नाही गं. पळ तू."

धक्क्यावर पोचले तर बोट मधोमध पाण्यात. नारिंगी ठिपके दिसत होते. लहान ठिपका कुठला, मोठा कुठला, काही कळेना. मोजायला लागले, बोट वळली, परत पहिल्यापासून. बाळ जागं होऊन रडायला लागलं. खुर्ची टाकून बसलेले मालक म्हणाले, "वहिनी, भर दुपारी लेकरांची वरात कुठे?"

"बोट परत बोलवा. एक जॅकेट खराब गेलंय."

"पाण्याला आज लाटसुद्धा नाही हो. पंधरा मिनिटांत येतेच आहे."

"लाट काय विचारून येते?"

"आता मधूनच वळवली तर बोटीतले घाबरतील, उठून उभे राहतील. मग खरंच कोणीतरी पडेल." हे त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. मी त्या पंधरा मिनिटांत बाळाला घेऊन धक्क्याची किती टोकं गाठली देव जाणे. बोटीच्या कडेला कोणी वाकलं की माझाच तोल जायचा. भिंगरी माझ्या ओढणीचा शेव धरून मागे मागे.

बोट लागली. माणसं एकदम उतरली. कोणाला भूक, कोणाला घाई, जॅकेटं काढून ढिगात फेकली आणि चालू पडली. बाळ मालकांच्या मांडीवर देऊन मी ढिगात बसले. दाब, टाक. दाब, टाक.

"अगं, काय झालं?" नवरा दोर बांधता बांधता ओरडला.

"गाठवालं कुठंय?"

"गाठ कुठल्यालाच नव्हती आज. म्हटलं, चला, सगळी पास झाली!"

अकरावं दाबलं आणि अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. जॅकेट अजून कोमट होतं. गळ्याशी घामाने ओलसर. वेल्क्रोत एक पिवळी केसांची क्लिप अडकली होती, फुलपाखराची, आणि तिच्यात दोन लांब केस.

नवऱ्याने माझ्या हातातलं जॅकेट पाहिलं. खिशातला चाकू काढून त्याचे पट्टे कापले आणि धक्क्यावरच्या दगडावर बसून राहिला.

"सापडलं ना? मग झालं की," मालक बाळाला थोपटत म्हणाले. "सगळे सुखरूप उतरले. आता कुठे बोलायचं नाही."

मी पायऱ्यांकडे बघितलं. वरच्या रस्त्यावर माणसं पांगली होती, गाड्यांची दारं लागत होती. केस मोकळे सुटलेल्या मुली तिथे पाच-सहा तरी होत्या, आणि प्रत्येकीला कोणीतरी हाताला धरून नेत होतं.

भिंगरीने क्लिप माझ्या हातातून घेतली. उलटसुलट करून बघितली.

"आई, हे जॅकेट खराब होतं, हे तिला माहितेय?"

"नाही."

"तिच्या आईला?"

"नाही गं."

"मग त्यांना कोण सांगणार?"